जॅमच्या बाटलीतून बार्बेक्यू सॉस

हल्ली शहरातल्या हॉटेलांच्या पाट्यांवर ‘बार्बेक्यू’ हा शब्द सर्रास दिसतो. मुलगा किंवा मुलगी नोकरीला लागते, पहिला पगार होतो, मित्रमंडळी हॉटेलात जातात. घरी आल्यावर आईला सांगतात, “काळसर तांबडा सॉस होता. गोड, आंबट, तिखट, आणि धुराचा वास. तू करशील का?” आई विचारात पडते. दुकानात बाटली मिळते, पण तिची किंमत पाहून ती हात मागे घेते.

भगिनींनो, हात मागे घेण्याचे कारण नाही. हा सॉस घरी होतो आणि चांगला होतो. त्यासाठी लागणारी मुख्य वस्तू बहुतेक घरांत पडून असते. ती म्हणजे मुलांनी अर्धी संपवून फडताळात मागे सारलेली जॅमची बाटली. या अंकात आम्ही त्याच बाटलीपासून सॉस करण्याची रीत देणार आहोत. पण त्याआधी या सॉसचा जन्म कुठला, तो कोणाच्या हातचा, हेही सांगणार आहोत. आपल्या वाचकांना ते कळायलाच हवे, असे आम्हाला वाटते.

हा पदार्थ कोणाचा?

बार्बेक्यू म्हणजे नुसते भाजणे नव्हे. आपण कणीस निखाऱ्यावर धरतो, ते पाच मिनिटांत भाजते. बार्बेक्यूचे तसे नाही. लाकडाच्या मंद आचेवर आणि धुरावर, साधारण ११० ते १२० अंश सेल्सिअस उष्णतेत, मांस तासन् तास शिजवायचे असते. कधी कधी पूर्ण रात्र जाते. बरगड्या, खांदा, छातीचा भाग असे चिवट तुकडे या मंद आचेवर लोण्यासारखे मऊ होतात, कारण त्यांतले चिवट धागे हळूहळू विरघळतात. म्हणजे मुळात स्वस्तातले, चटकन न शिजणारे मांस खाण्याजोगे करण्याची ही विद्या आहे.

या शब्दाचे मूळ कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो या मूळनिवासी लोकांकडे जाते. काठ्यांची माच करून तिच्यावर ते मांस आणि मासे भाजत. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात त्याची नोंद ‘बार्बाकोआ’ अशी केली. पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात गोऱ्या मळेवाल्यांच्या मेजवान्या होऊ लागल्या. तिथे जमिनीत लांब चर खणणे, लाकडे फोडणे, रात्रभर जागून निखारे सारणे, मांस उलटणे आणि त्यावर आंबट-तिखट पाणी शिंपडणे, ही सारी कामे आफ्रिकेतून गुलाम करून आणलेले लोक आणि त्यांची मुलेबाळे करीत. मेजवानीचे नाव मालकाचे असे. हात मात्र दुसऱ्याचे असत.

१९ जून १८६५ रोजी टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे गुलामांच्या मुक्ततेचा हुकूम जाहीर झाला. त्या दिवसाची आठवण म्हणून काळे अमेरिकन लोक दरवर्षी ‘जूनटीन्थ’ साजरा करतात, आणि त्या दिवशीच्या जेवणात बार्बेक्यू असतो. मालकाच्या मेजवानीसाठी शिकलेली विद्या त्यांनी स्वतःच्या मुक्तिदिनाच्या पंगतीत आणली. २०२१ पासून हा दिवस अमेरिकेत राष्ट्रीय सुट्टीचा आहे.

कॅन्सस सिटी हे शहर आज घट्ट, गोडसर सॉससाठी प्रसिद्ध आहे. तिथे या धंद्याचा पाया हेन्री पेरी या काळ्या माणसाने घातला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो तिथे आला आणि कापड कारखान्यांच्या वस्तीत भाजलेले मांस वर्तमानपत्राच्या कागदात बांधून विकू लागला. गिऱ्हाईक होते कष्टकरी कामगार. १९४० मध्ये पेरी वारल्यावर त्याच्याकडे काम केलेल्या चार्ली ब्रायंटने दुकान सांभाळले आणि त्यानंतर भाऊ आर्थर ब्रायंटने. पेरीचा सॉस फार तिखट होता, ब्रायंटने तो जरा सौम्य केला, असे सांगतात. पुढे १९७७ मध्ये त्याच शहरातल्या रिच डेव्हिस नावाच्या एका गोऱ्या डॉक्टरने आपला गोड सॉस बाटलीत भरून बाजारात आणला आणि १९८६ मध्ये तो धंदा एका मोठ्या कंपनीला विकला. आज जगभर ‘बार्बेक्यू सॉस’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो तो असाच घट्ट, गोड, बाटलीतला सॉस. पेरीचे नाव किती जणांना माहीत आहे? एड्रियन मिलर या लेखकाने २०२१ मध्ये ‘ब्लॅक स्मोक’ या पुस्तकात काळ्या बार्बेक्यूवाल्यांची ही पुसली गेलेली नावे पुन्हा मांडली आहेत.

बाहेर उभे राहून खा

या सॉसच्या वासाबरोबर कोर्टकचेऱ्याही आल्या आहेत. अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात ‘ऑलीज बार्बेक्यू’ नावाचे खानावळवजा हॉटेल १९२७ मध्ये सुरू झाले. २२० माणसे बसतील एवढे मोठे. १९६४ साली तिथे ३६ कामगार होते आणि त्यांतले दोन तृतीयांश काळे होते. रांधणारे, वाढणारे, भांडी घासणारे काळे. पण काळे गिऱ्हाईक आले तर त्याला आत टेबलावर बसून जेवता येत नसे. त्याने पदार्थ बांधून घ्यायचा आणि बाहेर जायचे. त्याचा पैसा चालत होता, त्याचे श्रम चालत होते, त्याचे बसणे चालत नव्हते.

ज्या १९२७ साली हे हॉटेल उघडले, त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्याला आपल्या लोकांनी हात लावला. समुद्रापलीकडचे दुःख आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने अशी बंदी बेकायदा ठरवली. मालक कोर्टात गेला. आपले हॉटेल लहान, गावातले. दिल्लीसारख्या दूरच्या राजधानीतल्या सरकारने त्यात का पडावे, असा आपल्याकडे कोणी केला असता तसाच त्याचा युक्तिवाद होता. कोर्टाने त्याच्या वह्या पाहिल्या. वर्षभरात त्याने सुमारे दीड लाख डॉलरचे खाद्यपदार्थ घेतले होते आणि त्यांपैकी ४६ टक्के मांस परराज्यातून आलेले होते. म्हणजे धंदा गावापुरता नव्हता. डिसेंबर १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कायदा उचलून धरला. खरेदीच्या वहीतली एक नोंद हक्काच्या लढ्यात कशी कामी येते, हे आकडेमोड करणाऱ्या आमच्यासारख्यांना मोठे शिकवून जाते.

दुसरा खटला दक्षिण कॅरोलिना राज्यातला. तिथे मॉरिस बेसिंजर नावाच्या माणसाची ‘पिगी पार्क’ नावाची बार्बेक्यू दुकाने होती आणि त्याचा मोहरीचा पिवळा सॉस नावाजलेला होता. काळ्यांना बरोबरीने वाढणे देवाच्या इच्छेविरुद्ध आहे, असे तो कोर्टात म्हणाला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे फुटकळ ठरवले आणि असा दावा जिंकणाऱ्याला सामान्यतः वकिलाचा खर्चही मिळाला पाहिजे, असा निकाल दिला. गरीब माणसाला कोर्टाची पायरी चढता यावी, म्हणून हा निकाल फार मोलाचा. त्याच मालकाने २००० साली गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या राज्यांचा झेंडा आपल्या दुकानांवर फडकवला, तेव्हा अनेक मोठ्या दुकानांनी त्याच्या सॉसच्या बाटल्या फळीवरून काढून टाकल्या.

आणखी एक नाव सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६६ मध्ये ब्लॅक पँथर पक्ष काढणाऱ्या दोघांपैकी एक बॉबी सील. याच पक्षाचे नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. ब्लॅक पँथरने १९६९ पासून शाळेत जाणाऱ्या गरीब मुलांना सकाळी फुकट न्याहारी देण्याचे काम चालवले होते. त्या बॉबी सीलने १९८८ मध्ये काय लिहिले असेल? बार्बेक्यूच्या पाककृतींचे पुस्तक! मोर्चाचा माणूस चुलीपाशीही तितक्याच आवडीने उभा राहिला. आमच्या घरातल्या पुरुषमंडळींनी याची नोंद घ्यावी.

सॉस कसा असतो?

अमेरिकेत एकच एक बार्बेक्यू सॉस नाही. उत्तर कॅरोलिनाच्या पूर्व भागात तो पाण्यासारखा पातळ, नुसता व्हिनेगर आणि मिरचीचा. दक्षिण कॅरोलिनात मोहरीचा. अलाबामाच्या उत्तर भागात तर मेयोनीज घातलेला पांढरा. कॅन्सस सिटीचा टोमॅटो आणि उसाच्या काकवीचा. मूळ गणित मात्र सगळीकडे तेच: आंबट हवे, तिखट हवे, खारट हवे आणि बहुतेक ठिकाणी गोड हवे. आपल्या चिंच-गुळाच्या चटणीचे गणित याहून वेगळे नाही.

जॉर्जिया आणि दक्षिण कॅरोलिना ही राज्ये पीच या फळासाठी प्रसिद्ध. तिकडच्या बायका उन्हाळ्यात पीचचा मुरांबा घालून ठेवतात आणि तोच सॉससाठी वापरतात. त्यात फार शहाणपण आहे. मुरांब्यात किंवा जॅममध्ये साखर असते, फळाचा आंबटपणा असतो आणि पेक्टिन नावाचा फळातला चिकट अंश असतो. त्यामुळे सॉस फार आटवावा लागत नाही, तो आपोआप दाटतो आणि भाजलेल्या तुकड्याला धरून राहतो. गॅस वाचतो आणि वेळही वाचतो.

पीचचा मुरांबा आपल्याकडे सगळीकडे मिळत नाही. त्याऐवजी मिक्स्ड फ्रूट, अननस किंवा आंब्याचा जॅम चालतो. आणि ज्यांच्या घरी गुळांबा आहे त्यांनी दुसरे काही शोधूच नये. कैरीचा आंबटपणा आणि गुळाचा काळपट गोडवा त्यात एकत्रच असतो. गुळामुळे काकवीची उणीवही भरून निघते. फक्त वेलदोडा आणि केशर घातलेला गुळांबा घेऊ नये. तो वास मांसाबरोबर जुळत नाही.

साहित्य

जॅम किंवा गुळांबा १ वाटी, टोमॅटो केचप अर्धी वाटी, साधे पांढरे व्हिनेगर पाव वाटी, पाणी अर्धी वाटी, सोया सॉस १ मोठा चमचा, १ मध्यम कांदा किसून, लसणाच्या ५-६ पाकळ्या ठेचून, मोहरीची पूड १ लहान चमचा, लाल तिखट १ लहान चमचा, मिरपूड अर्धा लहान चमचा, तेल १ मोठा चमचा, मीठ चवीपुरते. जॅम वापरत असाल तर सुपारीएवढा गूळ. गुळांबा असेल तर गूळ नको.

सोया सॉसमध्ये मीठ बरेच असते. म्हणून मीठ अगदी शेवटी, चव पाहूनच घालावे.

कृती

जाड बुडाचे स्टीलचे पातेले घ्यावे. ॲल्युमिनियमचे किंवा कल्हई नसलेले पितळेचे घेऊ नये, आंबट पदार्थाने ते कळकते. तेल तापले की कांदा घालून मंद आचेवर गुलाबीसर होईपर्यंत परतावा. लसूण घालून अर्धा मिनिट परतावे. आता पातेले खाली उतरवावे आणि मगच तिखट, मिरपूड, मोहरीची पूड घालून हलवावे. आचेवर असताना तिखट घातले तर ते करपते आणि सॉस कडू होतो.

लगेच पाणी घालावे, पातेले पुन्हा आचेवर ठेवावे. जॅम, केचप, सोया सॉस, गूळ घालून कालथ्याने गाठी मोडाव्यात. मिश्रण एकजीव झाले की व्हिनेगर घालावे. व्हिनेगरची वाफ नाकात जाते, तेव्हा तोंड बाजूला करून खिडकी उघडी ठेवावी. आता अगदी मंद आचेवर १५ ते २० मिनिटे शिजू द्यावे. मधून मधून तळापासून ढवळावे, कारण साखर तळाला पटकन लागते. जाड बुडबुडे येऊन चटचट उडू लागले की झाकण अर्धवट ठेवावे.

झाला की नाही हे असे पाहावे: चमचा बुडवून उलटा धरावा आणि पाठीवर बोटाने रेघ ओढावी. रेघ तशीच राहिली, दोन्ही बाजूंचा सॉस मिळून आला नाही, की आच बंद करावी. गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतो, म्हणून जरा पातळ असतानाच उतरवावा. फार घट्ट झाला तर दोन चमचे गरम पाणी घालावे. मग चव पाहावी. फार गोड लागला तर चमचाभर व्हिनेगर, फार आंबट लागला तर थोडा गूळ, सपक लागला तर मीठ. मऊसर हवा असेल तर गाळून घ्यावा. एवढ्या साहित्यात साधारण दोन वाट्या सॉस होतो.

धुराचा वास हवा असेल तर निखाऱ्याची धुरी द्यावी. लहान वाटीत लालबुंद निखारा ठेवून ती वाटी सॉसच्या पातेल्यात ठेवावी, निखाऱ्यावर दोन थेंब तेल सोडावे आणि झाकण घालून पाच मिनिटे ठेवावे. मात्र एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. कोळसा बंद खोलीत कधीही पेटवू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. चाळीतल्या आणि झोपडीतल्या लहान खोल्यांत हा धोका सर्वांत जास्त. निखारा गॅलरीत किंवा अंगणातच करावा, नाहीतर धुरीचा नाद सोडावा. सॉस धुरीशिवायही चवदार लागतो.

वापरताना

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही. हा सॉस भाजण्याच्या सुरुवातीला लावायचा नाही. यात साखर भरपूर आहे, ती लगेच जळून काळी होते आणि आतले मांस कच्चे राहते. कोंबडीच्या तंगड्यांना मीठ, हळद, आले-लसूण लावून तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर २५ ते ३० मिनिटे शिजवाव्यात. हाडाजवळ सुरी टोचल्यावर लाल पाणी न येता स्वच्छ पाणी आले पाहिजे. मग सॉस लावून शेवटची पाच-सात मिनिटे उलटसुलट करावे. सॉस चकचकीत होऊन चिकटला की झाले.

कच्च्या मांसाला लागलेला ब्रश किंवा चमचा सॉसच्या बाटलीत परत घालू नये. लागेल तेवढा सॉस वाटीत वेगळा काढून घ्यावा आणि उरलेला टाकून द्यावा. मांस न खाणाऱ्यांसाठी वांग्याच्या चकत्या, उकडलेला बटाटा, मक्याचे कणीस आणि पनीर यांनाही हा सॉस छान लागतो.

साठवण्यासाठी काचेची बाटली आणि झाकण दहा मिनिटे पाण्यात उकळून पूर्ण वाळवून घ्यावे. सॉस गार झाल्यावर भरून फ्रिजमध्ये ठेवावा, दोन आठवड्यांत संपवावा. फ्रिज नसेल तर अर्ध्याच प्रमाणात करावा आणि त्याच दिवशी संपवावा. बुरशी दिसली तर वरची काढून खालचा वापरू नये, सगळा फेकावा.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी सावध राहावे. या सॉसच्या एका मोठ्या चमच्यात जवळजवळ दोन लहान चमचे साखर जाते. विकतच्या बाटलीचेही तसेच. बाटलीवरची घटकांची यादी वाचावी. जो घटक वजनाने सर्वांत जास्त, तो यादीत पहिला छापलेला असतो. पहिलेच नाव साखरेचे दिसले, तर आपण कशाचे पैसे मोजतो ते कळते.

विकायचा असेल तर

बचत गटातल्या भगिनी मसाले, पापड, लोणची करतात. त्यांना हा सॉसही करता येईल. पण हिशेब आधी मांडावा. समजा, दुप्पट प्रमाणात सॉस करून चार बाटल्या भरल्या. सामान २४० रुपये, गॅस २० रुपये, बाटल्या ६० रुपये, एकूण ३२०. चार बाटल्यांना भागले की ८० रुपये. बहुतेक बायका इथेच थांबतात, बाटली १०० रुपयांना विकतात आणि २० रुपये सुटले म्हणून समाधान मानतात.

पण दोन तास उभे राहून ज्या हातांनी ढवळले, त्यांची मजुरी कुठे आहे? तासाला ६० रुपये धरले तरी १२० रुपये झाले. एकूण खर्च ४४०, म्हणजे बाटलीमागे ११० रुपये. १०० ला विकली तर बाटलीमागे १० रुपये तोटा. वर दिलेले आकडे समजण्यापुरते आहेत. तुमच्या बाजारभावाप्रमाणे ते बदलतील. पण मजुरीचा रकाना बदलायचा नाही आणि गाळायचा तर मुळीच नाही.

विक्री सुरू करण्यापूर्वी अन्न सुरक्षा कायदा २००६ प्रमाणे नोंदणी करून घ्यावी. बाटलीवर घटक आणि तयार केल्याची तारीख लिहावी. आणि सॉस करणाऱ्या गटाचे नाव ठळक अक्षरांत छापावे. रात्रभर चरापाशी जागणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, म्हणून आज ती शोधावी लागतात. आपली नावे आपणच लिहावीत.

येत्या रविवारी अर्ध्या प्रमाणात करून पाहा. मुलांना ढवळायला बसवा, आणि ढवळता ढवळता त्यांना हेन्री पेरीची गोष्ट सांगा.